घरबसल्या सभा

"आवाज येतोय का, आत्या?" खटपट्याने फोनवर विचारलं.

"येतोय रे. अध्यक्षबाई खोकल्या तेसुद्धा ऐकलं. आता ठेव, मला बघू दे."

खटपट्या सभागृहात शेवटच्या रांगेत, कॅमेऱ्याच्या स्टँडशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. एरवी तो एका चपलांच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. एकदा पाहिलेली चप्पल गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा दिसत राहावी, हे त्याचं काम. त्याचा त्याला अगदी वीट आला होता. आपल्या हातून लोकांच्या उपयोगाचं काहीतरी व्हावं म्हणून सुट्ट्या घालवून त्याने प्रभागाची सभा घरबसल्या दाखवणारं अ‍ॅप केलं. सभा दिसायची, खाली आपलं मत लिहिता यायचं. लोकशाही घराघरांत पोचली, असं सगळे म्हणत. आजूबाजूला कुणी नसताना तोही ते म्हणून बघायचा.

आज प्रश्न दवाखान्याचा होता. गल्लीच्या तोंडाशी असलेला प्रभागाचा दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचा ठराव होता. तो रस्ता ओलांडणं आत्याच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. पूर्वी ती काठी टेकत सभेला यायची, आणि तीही एकटी नाही. जिन्यातली दारं ठोठावत, "उठा गं, तुमची मालिका काही पळून जात नाही," असं म्हणत अख्खी इमारत घेऊन यायची. या वेळी खटपट्यानेच तिला सांगितलं होतं, "कशाला तंगडतोड करतेस? घरी बसलीस तरी सभेत असल्यासारखंच आहे."

स्क्रीनवर बघणारे वाढत होते. पाचशे, सहाशे. 'दवाखाना हलवू नका' अशी मतं भराभर येत होती. ती वाचताना खटपट्याला भरून आलं.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्याने मान वर केली. समोर खुर्च्याच खुर्च्या होत्या. रस्त्यापलीकडे राहणारी दहा-बारा माणसं एका बाजूला बसली होती, सगळ्यांचे हात वर.

"विरोधात?"

चार-पाच हात वर झाले. खटपट्याने लॅपटॉप सावरत आपलाही केला. मग त्याला राहवेना. "एक मिनिट, बाई! इथे शेकडो माणसं नको म्हणतायत." त्याने लॅपटॉप उचलून उंच धरला.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "दिसतंय मला. पण नियम हजर माणसांच्या हातांचा आहे. आणि यातले आपल्या प्रभागातले किती, हे तुम्ही सांगू शकाल?"

त्याला सांगता येईना. कुणाला लिहायची भीती वाटू नये म्हणून नाव-पत्ता विचारायचा नाही, असं त्यानेच ठरवलं होतं.

"मग मी हे केलं ते चुकलं का?"

"छे, छे! उत्तम केलंत," त्या मनापासून म्हणाल्या. "मागे गर्दीत कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. आता कसं शांतपणे काम होतं."

ठराव मंजूर झाला. दोघा-तिघांनी येऊन त्याचा हात हातात घेऊन कौतुक केलं. तो वायरी गुंडाळत राहिला. कधी नव्हे एवढ्या लोकांनी सभा पाहिली होती, आणि कधी नव्हे इतक्या थोड्यांनी निर्णय घेतला होता. दोन्ही त्याच्याचमुळे. चूक कुठे आहे ते शोधण्यात त्याचा जन्म गेला होता, पण इथे सगळं बिनचूक चाललं होतं. मघाशी लॅपटॉप उंच धरताना कॅमेऱ्याची वायर निघाली होती, तेवढंच काय ते बिघडलं.

घरी आला तर आत्याच्या खोलीत जिन्यातल्या साऱ्या बायका जमलेल्या. खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, आणि मधे बरणीला टेकवून ठेवलेला फोन.

"ऐन वेळी बंद पडलं रे तुझं ते," आत्या म्हणाली. "विरोधात म्हणाल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मी तर तसाच धरून बसले, म्हटलं मोजायचे राहिले असतील. मोजले ना?"

बायका त्याच्याकडे बघत होत्या.

"तुमचे हात तिथे दिसत नव्हते, आत्या."

आत्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"आम्हाला तर तुम्ही सगळे दिसत होतात," ती म्हणाली, आणि अवघडलेला खांदा दुसऱ्या हाताने दाबू लागली.