मिनलची झेंडी

माह्या तोंडाले लगाम नाही, हे नागपूरजवळच्या आमच्या अख्ख्या वाडीले माहीत आहे. तीस वर्षं ट्रकच्या कमानी दुरुस्त करून राहिलो. घणाच्या आवाजात ओरडूनच बोला लागते, मंग हळू बोलणं जमतच नाही. अन् फुटबॉलच्या मैदानावर तं विचारूच नका. माहा पोट्टा पियुष दहा वर्षांचा होता तेव्हापासून मी लाईनीवर उभा राहून बोंबलतो. रेफरी लोकं मले पाहूनच कपाळाले हात लावत. "आला मारोतराव," म्हणत.

तोच पियुष आता गोव्याच्या टीमकडून खेळते. पगारी खेळाडू आहे, टीव्हीवर दिसते. अन् यंदा लीगची फायनल, गोवा विरुद्ध शिलाँग, आपल्या नागपुरात ठेवली. पियुषनं दोन पास पाठवले. त्याची माय मॅच पाहत नाही, तिची छाती धडधड करते. म्हणून दुसरा पास मी गोविंदाले दिला.

गोविंदा माह्या घरासमोर राहते. ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादम आहे. मी जेवढा बोलतो तेवढा तो चूप. त्याची पोट्टी मिनल. लाईनीवर झेंडी घेऊन पळते ना, रेफरीची मदतनीस, ते काम करते ती. लहानपणी पियुषच्याच संग गल्लीत खेळे. गुडघा गेला, खेळणं सुटलं, मंग रेफरीच्या परीक्षा देत देत ती थेट फायनलच्या लाईनीवर पोहोचली. शेजारचा पोट्टा एका टीममध्ये आहे, हे तिनं वरच्या साहेबांले लिहून कळवलं होतं. वरून उत्तर आलं, टीम गोव्याची आहे, तुह्या गावची नाही, तू झेंडी सांभाळ. तेव्हापासून दीड महिना ती पियुषशी फोनवरही बोलली नव्हती. बापासाठी पाससुद्धा मागितला नाही तिनं.

गोविंदाले फुटबॉलमधलं ओ की ठो समजत नाही.

"पळून तं खूप राहिली गा," तो मले म्हणाला. "पण बॉलले काहून नाही मारत?"

"मारला तं काम जाईन तिचं."

"मंग नाही मारत तेच चांगलं आहे," तो म्हणाला, अन् पुन्हा तिच्याकडेच पाहाले लागला. पूर्ण मॅचभर त्यानं बॉलकडे पाहिलंच नाही.

स्टेडियम खच्चून भरलं होतं. अर्धे लोकं पियुषसाठी आले होते, आपल्या नागपूरचा पोट्टा म्हणून. आजूबाजूच्या चार रांगांले मीच सांगून ठेवलं होतं का अकरा नंबर माहा आहे. मिनलबद्दल कोणाले काही बोललो नाही. खरं सांगतो, सुचलंच नाही मले.

शहाऐंशी मिनिटं झाली तरी झिरो-झिरो. आमची जागा बरोबर पेनाल्टी बॉक्सच्या रेषेत, अन् खालच्या लाईनीवर मिनल. मधातून एकानं बॉल समोर मारला. पियुष सुटला. छातीवर बॉल घेतला, कीपरले एका बाजूले पाडलं अन् दुसऱ्या बाजूनं बॉल जाळीत! अरे बापा! अख्खं स्टेडियम उभं झालं. कोणीतरी मले उचललं, कोणीतरी माह्या टकलाचा मुका घेतला. पियुष दोन्ही हात पसरून आमच्याकडे धावत आला.

अन् मिनल जागेवर उभी होती. सरळ. झेंडी वर.

आफसाईड. म्हणजे बॉल मारला त्या घडीले पियुष कीपर सोडून समोरच्यांच्या शेवटच्या गड्याच्या पुढं होता. गोल रद्द.

"आंधळी आहे का वं!" मी बोंबललो. "डोळे घरी ठेवून आली का!"

माह्या तोंडातून निघालं अन् बस. गोल मारणाऱ्याचा बापच म्हणते म्हटल्यावर लोकांले काय पाहिजे? "अंधी! अंधी!" असा तालच धरला. एक म्हणते, "कितने में बिकी?" दुसरा म्हणते, "जाय, घरी पोळ्या लाट!" पाण्याची एक बाटली तिच्या पायापाशी येऊन पडली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. रेफरीनं शिट्टी मारेपर्यंत तिचा हात हललासुद्धा नाही.

गोविंदा दोन्ही हात मांड्यांत घालून बसला होता.

"चुकली का गा?" त्यानं मले विचारलं.

मी मैदानाकडे तोंड केलं.

"एवढे लोकं म्हणून राहिले, मंग चुकलीच असन." तो उठला. "मी गेटवर थांबतो. तू मॅच पाहून ये."

आता ऐका. मी पाहिलं होतं. बॉल सुटला तेव्हा पियुष एक पाऊल समोर होता. मी बसलोच त्या रेषेत होतो, मले नाही दिसणार तं कोणाले दिसन? डोळ्यांनी एक पाहिलं अन् तोंडानं दुसरं बोललो. कारण गोल माह्या पोट्ट्याचा होता. फायनलचा होता. ते एक पाऊल मी गिळून घेतलं असतं तं कोणाले समजणार होतं? पण गोविंदा मान खाली घालून पायऱ्या चढून राहिला होता. माह्या पोट्ट्याच्या पासवर आलेला माणूस, अन् आपल्या पोट्टीची लाज घेऊन घरी चालला होता. अन् ते मी केलं होतं. माही मले इतकी चीड आली का काय सांगू.

मी धावलो, त्याच्या शर्टाले धरलं अन् ओढून परत आणला. मंग खुर्चीवर चढलो.

"ओ भाऊ! चूप व्हा सगळे! मी पियुषचा बाप आहो!"

लोकांले वाटलं मी अजून शिव्या देतो. टाळ्या वाजल्या.

"आफसाईड होता!" मी ओरडलो. "मी पाहिलं! पोट्टी बरोबर आहे, मी खोटं बोललो!"

मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "काका, डोकं फिरलं का? पोट्टा तुमचाच ना?"

"माहाच आहे म्हणून सांगतो. त्याचे पाय मले नाही ओळखू येणार तं कोणाले येईन? अन् हा माणूस पाहून घ्या. झेंडीवालीचा बाप आहे. वाडीचा. पोट्टी बी वाडीचीच. कोणाले शिवी द्याची असन तं मले द्या, सुरुवात मी केली."

"आपली असून आपलाच गोल कापला?"

"मंग! परक्याचा कापण्यात कोणती मोठी हिंमत लागते बे?"

आजूबाजूच्या चार रांगा चूप झाल्या. बाकीचे बोंबलतच होते, सगळे काही माह्या ऐकण्यातले नव्हते. पण गोविंदा बसला. "बरोबर आहे ना गा ती? नक्की?" असं त्यानं तीनदा विचारलं अन् तीनदा मी हाव म्हटलं.

शेवटच्या मिनिटाले शिलाँगनं कॉर्नरवर डोकं लावून गोल मारला. कप तिकडे गेला. वाईट तं वाटलंच मले, खोटं काहून बोलू? बक्षिसं वाटाले लागले तं पहिले रेफरी लोकांले बोलावलं. मिनलचं नाव आलं तेव्हा गोविंदा टाळ्या वाजवाचं विसरला, नुसता पाहत राहिला. त्याच्या वाटच्या मी वाजवल्या.

मंग पियुष आमच्या रांगांसमोरच्या तारेच्या जाळीपाशी आला. गळ्यात दुसऱ्या नंबरचं मेडल, डोळे लाल. आम्ही दोघं उतरून तिथं गेलो, पण मले भेव होतं. गोविंदासमोर हा मिनलले काही बोलला तं? मी काय ओरडलो होतो ते त्याले काहीच माहीत नव्हतं, मैदानात तेवढ्या कल्ल्यात काही ऐकू जात नाही.

तो माह्याकडे आलाच नाही. गोविंदासमोर उभा राहिला.

"काका, मिनलले सांगजा, बरोबर होती ती. मी एक पाऊल समोर निघून गेलो होतो. मले तेव्हाच समजलं होतं."

"मंग एवढे हात पसरून काहून धावला गा?" गोविंदानं विचारलं.

"म्हटलं, तिले दिसलं नसन." पियुष रडता रडता हसला. "पण तिले दिसते, काका. तिले सगळं दिसते."

गोविंदानं जाळीतून बोटं घालून त्याच्या गालाले लावली. कप गेला होता, गोल गेला होता, अन् माही छाती शर्टात मावून नव्हती राहिली.

बाजूले एक पोलीस गर्दी हटवून राहिला होता. त्यानं काही विचारलं नव्हतं, तरी मी त्याचा हात धरला. पहिले पियुषकडे बोट केलं, मंग मैदानाच्या पलीकडे, जिथं मिनल झेंडी गुंडाळून राहिली होती.

"साहेब," मी म्हटलं, "हे दोन्ही आमचे आहेत."