ऐकला, दिसला नाही

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी दरीच्या बाजूने कस्तूर पक्ष्याची शीळ तीनदा आली. मुलीने वहीत वेळ टाकली आणि पुढे लिहिले : ऐकला, दिसला नाही.

दहाच मिनिटांपूर्वी तिच्या वडिलांनी फाट्यावरून दरीकाठची खालची वाट धरली होती. ते निवृत्त भूमापक, वय एकाहत्तर. ती औषधांच्या दुकानात कामाला. दर रविवारी दोघे पक्षी बघायला डोंगर चढत. सोबत कुत्रा. त्याचे नाव कारभारी, कारण घरातल्या सगळ्यांना तो कामाला लावी.

"गुडघे कुरकुरतायत ना बाबा? मग घरी बसायचं," ती फाट्यावर म्हणाली होती.

"गुडघे परवडले. तुझ्या तोंडाच्या कुरकुरीनं पाखरं पळतात. कारभारी, हिला वर ने रे. मी सपाटीनं येतो."

डोंगरावर हाका मारायच्या नाहीत, हा त्यांचाच नियम. कुत्र्यालाही ते शीळ घालून बोलवत, आणि ती शीळ कस्तुराचीच उचललेली. दोन्हींतला फरक आपल्याला झोपेतही कळतो, असे मुलगी सांगत असे.

शीळ ऐकताच कारभारी वळला, पट्टा ताणून केकाटू लागला.

"गप रे, पाखरू आहे ते," ती पुटपुटली आणि त्याला ओढत वर घेऊन गेली.

वरच्या खडकावर तिने पाऊण तास वडिलांची वाट पाहिली. सात वाजून दहा मिनिटांनी तिने पहिली हाक मारली. उत्तर आले नाही. तिने पट्टा सोडला. कुत्रा सुसाट खाली गेला आणि जिथे वाटेची कड नुकतीच ढासळली होती, तिथे उभा राहून भुंकू लागला.

दहा वाजता बचाव पथक आले. पथकप्रमुखाने विचारले, "शेवटचा आवाज कधी ऐकलात त्यांचा?"

तिने वही पुढे केली.

"ताई, ही तर पक्ष्याची नोंद दिसतेय."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. सांगता येत नाही मला."

"पण पडले असते तर ओरडले असते ना?"

"डोंगरावर ते ओरडत नाहीत."

साडेचारला पथकातले दोघे दोराने ओढ्यापर्यंत उतरले. पलीकडच्या चिखलात उजव्या बुटाचे अकरा ठसे मिळाले. डाव्याचा एकही नाही, नुसती फरपट. अकराव्या ठशानंतर कातळ सुरू होतो.