गावाच्या पट्टीचं जेवण

सिद्धम्मा घरात मरून पडली होती, आणि गावाला ते वासावरून कळलं. जळकोटच्या हायवेवरून आत गेलं की हाळवाडी लागते. गाव एवढंसं, बोलता बोलता चालून संपतं. तरी म्हातारी नेमकी कधी गेली हे कुणालाच सांगता येईना. शेजाऱ्यांना वाटलं, लेकीकडं सोलापूरला गेली असेल. लेकीला वाटलं, फोन चार्ज केला नसेल.

दार फोडलं तेव्हा सरपंच महानंदा तिथंच उभी होती. चुलीजवळ पिठाचा डबा उघडा पडला होता, तळाशी मूठभर पीठ. म्हातारी आजारानं गेली की उपाशी राहून गेली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. महानंदाच्या मनाला तेच लागून राहिलं.

गावात अशी एकटी म्हातारी माणसं बरीच होती. त्यांची पोरं पुण्याला, चाकणला, हैदराबादला. महानंदानं ग्रामसभेत विषय मांडला. घरपट्टी वाढवायची, आणि वाढलेल्या पैशातून एकट्या म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी घरपोच जेवण द्यायचं. डबा नेणाऱ्या बाईनं दारात उभं राहून दोन शब्द बोलूनच माघारी यायचं.

उत्तरेश्वरराव उठले. गावातले सगळ्यात मोठे बागायतदार, द्राक्षाची बाग, सरळ माणूस. म्हणाले, "सरपंचबाई, काम चांगलं हाय. पण त्याला पट्टी कशाला वाढवायची? वर्गणी काढू. पहिली पावती म्या फाडतो, आन् सगळ्यात मोठी."

"काका, औंदा तुमी द्याल. पुढल्या साली बागेला गारा लागल्या तर?"

"तर थोडं कमी देईन."

"मग भाकरी बी थोडी कमी करायची का?"

लोक हसले. उत्तरेश्वररावही हसले. महानंदा मात्र हसली नाही. "आनखी एक सांगते. वर्गणीचं जेवण म्हंजी तुमच्या घरचं जेवण झालं, काका. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागती. पट्टीचं जेवण गावाचं. ज्यानं पट्टी भरली त्याचं सोताचं."

बायकांच्या मागच्या रांगेत शांताक्का बसल्या होत्या. कपाळाला विभूती, पाठ ताठ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, जमीन बटईनं दिलेली, एकुलता एक मुलगा शिवशंकर पुण्यात कंपनीत. शेजारणीकडून विरजणसुद्धा उसनं न आणणारी बाई. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "महानंदा, माझ्या घराची पट्टी बी वाढनार का?"

"व्हय अक्का. सगळ्यांचीच."

"मग चालंल."

हात वर झाले. सिद्धम्माच्या घराचा वास अजून लोकांच्या नाकातून गेला नव्हता. उत्तरेश्वररावांनीही हात वर केला, जरा उशिरा.

आणि लोकांनी पट्टी भरली. कुणाच्या दारात जावं लागलं नाही. माणसं आपण होऊन पंचायतीत आली, कुरकुर न करता भरून गेली. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत चूल आणि गॅस आला. गंगम्मा नावाची विधवा बाई पगारावर स्वयंपाकाला लागली. भाकरी, येसर आमटी, कधी मटकी, कधी खिचडी. उन्हाच्या कडाक्यात ती डोक्याला टॉवेल बांधून डबे पोचवायची.

शांताक्का तिला रोज काहीतरी सुनावायच्या. आमटी पाणचट हाय, भाकरी जाड हाय, मटकी कचकच लागती. गंगम्मा वैतागून महानंदाकडं आली. "फुकटचं खाऊन वर नावं ठेवत्यात."

"फुकटचं कुठं? पट्टी भरत्यात त्या. बोलू दे," महानंदा म्हणाली. तिला मनातून बरं वाटलं. दुपार झाली की शांताक्का ओट्यावर धान्य निवडत बसायच्या आणि गंगम्माला थांबवून घेऊन गावभरचं विचारायच्या. त्यांच्या गालांवर थोडी तुकतुकी आली होती.

पुढल्या साली सोयाबीनला भाव मिळाला नाही, आणि त्याच साली पंचायतीची निवडणूक लागली. महानंदाच्या विरोधात उत्तरेश्वररावांचा पुतण्या रणधीर उभा राहिला. त्याचं एकच म्हणणं होतं, वाढीव घरपट्टी रद्द. जेवणाच्या विरोधात तो एक शब्द बोलला नाही. उलट म्हणायचा, "जेवन चालूच ऱ्हाईल. आमच्या घरातनं चालवू. त्यासाठी गरिबाच्या खिशाला कशाला हात घालायचा?"

महानंदा दारोदार हिंडली. लोकांनी तिला चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. "बाई, तवा खुशीनं भरली. पन दर साली भरायची म्हनलं की जीवावर येतं." एक जण म्हणाला, "आमच्यात म्हातारं मानूसच न्हाय. आमी कुनासाठी भरायची?" ज्यांची घरं कुलूप लावून बंद होती, ते मतदानाला पुण्याहून गाड्या करून आले. त्यांच्या तोंडी तर दुसरा विषयच नव्हता.

महानंदा पडली, आणि थोडक्यात नाही पडली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शांताक्कांनी तिला बोलावून घेतलं. समोर बसवलं. "म्या रणधीरला मत दिलं. दुसऱ्याकडनं कळन्यापरीस म्या सांगितलेलं बरं."

 महानंदानं विचारलं, "का, अक्का?"

"शिवशंकरचा फोन आला हुता. म्हनला, अव्वा, माझ्या आईला गाव जेवू घालतंय असं लोक बोलत्यात. मला खाली बघावं लागतंय."

"तुमी सांगायचं की, पट्टी भरून जेवती म्हनून."

"सांगितलं. तर म्हनला, ती पट्टी बी मीच भरतोय." शांताक्कांनी पदर नीट केला. "पोटचं पोर हाय. येन माडली? काय करू म्या?"

"मग तुमच्या जेवनाचं काय म्हनला तो?"

"बघतो म्हनला."

महानंदाला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती उठून घरी आली.

नव्या पंचायतीनं पहिल्याच बैठकीत पट्टी पहिल्यासारखी केली. उत्तरेश्वररावांनी शब्द पाळला. त्यांच्या घरून पीठ, डाळ, तेल आलं. पहिल्या दिवशी देवळासमोर मांडव घातला. मोठा बॅनर लावला, त्यावर उत्तरेश्वरराव आणि रणधीर हात जोडून. म्हाताऱ्या माणसांना एका ओळीत बसवलं आणि प्रत्येकाच्या हातात डबा देऊन फोटो काढले. संध्याकाळपर्यंत ते फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरले.

शांताक्का तिकडं गेल्या नाहीत. गंगम्मा डबा घेऊन दारात आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुनाकडचं हाय?"

"उत्तरेश्वररावांकडचं."

"त्यांला सांग, माझं जेवन झालंय."

दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. मग गंगम्मा त्या गल्लीत जायची बंद झाली.

द्राक्षं ऐन घडात असताना अवकाळी पाऊस आला आणि उत्तरेश्वररावांची बाग गेली. जेवण एक दिवसाआड झालं, मग सोमवार आणि अमावास्येला, मग कुणाच्या वाढदिवसाला. बंद करतो असं कुणी म्हटलं नाही, तरी बंद पडलं. गंगम्मा धुण्याभांड्याच्या कामाला पुण्याला निघून गेली.

उत्तरेश्वरराव एकदा बांधावर भेटले. थांबले. "महानंदा, म्या कपटानं न्हाय केलं."

"ठावं हाय, काका."

"एकट्याच्यानं न्हाय हुत गं."

महानंदानं मान हलवली. हेच ती भर सभेत बोलली होती. आता पुन्हा बोलून त्या माणसाला आणखी खजील करावं असं तिला वाटलं नाही.

तिनं आपल्या घरून शांताक्कांना भाकरी नेऊन पाहिली. "म्या तुमच्या लेकीसारखी, अक्का. घ्या."

शांताक्कांनी एक दिवस ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून परत दिली. "लेकीकडचं बी रोज खात न्हाईत."

मग महानंदा पंचायतीत गेली आणि ग्रामसेवकाला म्हणाली, "माझ्या घराला वाढीव पट्टी लावून घ्या. माझ्या एकटीच्या. त्यातनं डबा पुन्हा चालू करा."

ग्रामसेवक भला माणूस होता. तो हसला नाही. "ताई, तसं घेता येत नाही. पट्टी सगळ्यांना एकाच दरानं असते. द्यायचंच असेल तर देणगीची पावती फाडतो."

"देणगी नको," ती म्हणाली आणि बाहेर आली.

हिवाळ्यात शांताक्का नुसता चहा आणि बिस्किटं खाऊन दिवस काढत होत्या. गुडघे धरले होते, चुलीपुढं बसलं की उठता येत नव्हतं. एका सकाळी न्हाणीत पडल्या. महानंदानं आणि शेजाऱ्यांनी त्यांना उचलून खाटेवर घातलं, तेव्हा हाताला वजन असं लागलंच नाही. शिवशंकरला फोन गेला. तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. आईला बघून दारातच त्याचे डोळे भरून आले.

सामान गाडीत ठेवताना तो महानंदाला म्हणाला, "ताई, माझं तिकडं नोकरीमुळं निघणं होत नाही. पण तुम्ही गावातल्या लोकांनी तरी लक्ष ठेवायला हवं होतं."

महानंदानं हातातली पिशवी गाडीत ठेवली. तो मुद्दाम टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. गाडीत मागच्या सीटवर शांताक्का डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. गाडी गेली. महानंदानं घराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी दिली.

हरभरा काढणीला आला तेव्हा बातमी आली की शांताक्का गेल्या. माती पुण्यातच झाली, गावाकडं आणलं नाही. महानंदाला शेतात फोन आला. बायका कामाला लावलेल्या होत्या, त्यामुळं तिला लगेच निघता आलं नाही. ती पुन्हा वाकून हरभरा उपटायला लागली. ऊन चढल्यावर सगळ्या बायका बोरीच्या सावलीला आल्या आणि भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या. महानंदाला सडकून भूक लागली होती. तिनं पोटभर खाल्लं. आपल्याला भूक लागली आणि आपण जेवलो, याचंच तिला त्या दिवशी सगळ्यात जास्त वाईट वाटलं.