पॉलिशपेपरचा आवाज

चव्वेचाळिसाव्या वर्षी सुताराच्या डोक्यात कॉम्प्युटरवर संगीत करायचं खूळ शिरलं. बायको म्हणाली, "पत्ते कुटण्यापेक्षा बरं." लेकीने आपला जुना लॅपटॉप दिला, सॉफ्टवेअर घालून दिलं, सरकपट्ट्यांचा एक छोटा मिक्सर जोडून दिला आणि ती आपल्या अभ्यासाला लागली. कारखान्यामागच्या खोलीत मग उरला सुतार आणि त्याने स्वतः बनवलेल्या दोन स्पीकरच्या पेट्या. सांध्यात नख शिरणार नाही अशा पेट्या. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललेलं त्याला खपत नसे.

त्याने पहिली रचना केली ती कारखान्यातल्याच आवाजांची. हातोडीचा ठोका, फळी आपटल्याचा धप्प आवाज, खाली कॉम्प्युटरने काढलेला एक जाड, घुमणारा सूर. आणि या सगळ्यावर पॉलिशपेपर. घस्स, घस्स, थांबा, घस्स. बापाने हात धरून पहिल्यांदा फिरवायला शिकवला तो पॉलिशपेपरच; मशीन पुष्कळ नंतर आली. रचनेतला तो आवाज त्याला सगळ्यात प्रिय होता.

नवशिक्यांचा एक ऑनलाइन वर्ग होता. चालवणारे मास्तर निवृत्त ध्वनिमुद्रक होते. शिष्यांनी महिन्याला एक रचना पाठवायची, मास्तरांनी ऐकून चुका सांगायच्या. कुठला आवाज किती वर म्हणजे मोठा, किती खाली म्हणजे लहान, हे ज्याला नीट जमलं, त्याची रचना ते एका छोट्या सभागृहात मोठ्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकवायचे. सुताराला तेवढंच हवं होतं. एकदा आपलं काम तिथे वाजावं, बस.

पहिल्या महिन्यात मास्तरांनी लिहिलं, "पॉलिशपेपर फार वर आहे. कान टोचतात. खाली घ्या."

सुताराने पुन्हा ऐकलं. टोचायचं राहू दे, तो पॉलिशपेपर जेमतेम ऐकू येत होता. म्हातारा भलत्याच आवाजाला पॉलिशपेपर समजला असणार. खरा कुठला ते कळावं म्हणून त्याने तो आणखी थोडा वर केला आणि रचना पुन्हा पाठवली.

"मी खाली म्हणालो होतो," दुसऱ्या महिन्यात उत्तर आलं. तिसऱ्या महिन्यात आलं, "माझं कुत्रं उठून बाहेर गेलं."

आता सुताराने खोलीवर खापर फोडलं. भिंतींना पट्ट्या ठोकल्या, कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या केल्या. पेट्यांचं तोंड एकदा भिंतीकडे, एकदा दाराकडे करून पाहिलं. काम लाकडाचं असतं तर एव्हाना जमलं असतं. शेवटी वैतागून त्याने मास्तरांना विचारलं, पेट्यांतच खोट असेल का?

मास्तरांनी एक सूर पाठवला. "हा खालून वर चढत जातो. जिथे तुटेल, तिथे पेटीचा दोष."

सुताराने सूर वाजवला. तो चढला, बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि मध्येच थांबला. सुताराला हायसं वाटलं. पेटीचाच दोष होता तर! पेटी दुरुस्त करता येते. साक्षीला म्हणून त्याने बायकोला आणि लेकीला हाक मारली.

"दोघींनी हात वर करा. आवाज तुटला की खाली."

स्वतःचाही हात त्याने वर केला. सूर चढला, बारीक झाला, थांबला. त्याने हात खाली घेतला. त्या दोघी मात्र शाळेतल्या मुलींसारख्या हात वर करून उभ्याच.

"अगं, घ्या की खाली. थांबला कधीचा."

लेकीने आईकडे पाहिलं.

"अहो, चालू आहे," बायको म्हणाली. तिने तोंड वाकडं केलं होतं. "बंद करा ना. डोक्यात जातोय."

त्याने बंद केला. नवऱ्याचं मन राखायला खोटं बोलणारी ती बाई नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. वरचे, बारीक आवाज गेलेत, परत यायचे नाहीत, उरलेले जपा. सव्वीस वर्षं रंधा मशीनवर उभं राहून तो सांगत आला होता, कानात बोळे घालतात ते शिकाऊ. आता त्याला भीती वाटली आणि लाज वाटली, आणि खरं तर लाजच जास्त.

पंधरा दिवस त्याने लॅपटॉप उघडला नाही. मग एका सकाळी लेकीला म्हणाला, "बस इथे. तो पेपर तू खाली घे. बाकीच्याला हात लावायचा नाही."

तिने पॉलिशपेपर खाली घेतला.

"अजून?" त्याने विचारलं.

"अजून."

"आता तर गेलाच."

"बाबा, आता कुठे लाकडावर टेकलाय."

मिक्सरच्या सरकपट्टीपाशी त्याने पेन्सिलीने खूण केली, फळीवर करतो तशी. म्हणजे पुन्हा हात शिवशिवला तरी तिच्या वर जायचं नाही.

मास्तरांनी लिहिलं, "आता बरोबर. रविवारी या."

सभागृहात तीसेक खुर्च्या होत्या. सुतार इस्त्रीचा शर्ट घालून बायकोशेजारी बसला. त्याची रचना सुरू झाली. हातोडी आली, फळी आली, जाड सूर जमिनीतून पायात चढला. सगळं चोख. मग पॉलिशपेपरची जागा आली, आणि त्याने जिवाचा कान केला.

काहीच नाही. बापाचा हात जिथे असायला हवा, तिथे नुसती मोकळी जागा. इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं. बायकोला विचारावं, आलाय का, म्हणून तो तिच्याकडे वळला.

ती समोर बघत होती. तिचा तळहात तिच्या मांडीवर मागेपुढे घासत होता. पुढे, मागे, थांबा, पुढे. थांबायचं तिथे बरोबर थांबत होता. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

रचना संपेपर्यंत तो त्या हाताकडेच बघत राहिला.