स्वतःपुरतं पुस्तक

गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला अझीम शिडीवर चढला, शिडी सरकली आणि तो मानेवर पडला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. खांदे हलायचे, हात कोपरापर्यंत थोडे उचलायचे, पण बोटं मिटायची नाहीत आणि छातीखाली त्याला काहीच कळायचं नाही. डोकं मात्र लख्ख होतं. कबनूरला यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून त्यानं वीस वर्षं काढलेली. माग कुठं बिघडलाय ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. आता शहरात, राजारामपुरीतल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत, हवेच्या गादीवर तो पडून असायचा. व्यायाम करून घेणारे डॉक्टर जवळ पडतात म्हणून ते कबनूर सोडून इथं आले होते. मुलगा फराज पुण्याला नोकरीत, मुलगी मुबशिरा शिरोळला सासरी. घरात राहायची ती त्याची बायको नसरीन.

दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. लघवीची पिशवी रिकामी करायची, अंग पुसायचं, भरवायचं, नाकावर माशी बसली तर तीही नसरीननंच हाकलायची. औषधं आणायला म्हणून ती खाली उतरायची तेवढाच काय तो तिचा बाहेरचा वारा. तेव्हाही घड्याळाकडे बघत, अर्धं पळतच.

एकदा असंच भर दुपारी औषधं घेऊन येताना तिला घेरी आली. दोन कोचिंग क्लासांच्या मधे एक जुनं वाचनालय होतं. ते सांभाळणाऱ्या शालूबाईंनी तिला हाताला धरून स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"काय ओ, जेवला न्हाय काय?" शालूबाईंनी दरडावूनच विचारलं.

"जेवले की. झोप झाली न्हाय."

बोलता बोलता सगळं कळलं. शालूबाईंनी जास्त चौकशी केली नाही. मागच्या कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली आणि तिच्या औषधांच्या पिशवीत कोंबली. "न्या. फॉर्म पुढच्या खेपेला भरा."

नसरीन मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. त्यानंतर तिनं वाचलं ते औषधांच्या पाकिटावरचं. त्या कादंबरीत कोकणातल्या खडकावरचं एक दीपगृह होतं, तिथं नोकरीला आलेली एक बाई होती आणि एक खून होता. नसरीननं समुद्र कधी पाहिला नव्हता. अझीमचा दुपारी डोळा लागला की ती स्वयंपाकघरात फरशीवर बसायची, पिठाच्या डब्याला पाठ टेकायची आणि पुस्तक उघडायची. चार पानं झाली की कानातली गादीच्या पंपाची घरघर थांबायची. खरं म्हणजे पंप चालूच असायचा. तिला तो ऐकू यायचा नाही, एवढंच.

दोनेक आठवडे असे गेले. मग एका दुपारी ती बाहेरच्या खोलीत आली तर अझीम टक्क डोळे उघडे ठेवून पडलेला.

"कुठं गेलतीस?"

"कुठं जाणार? हितंच की, स्वयंपाकघरात."

"तीनदा हाक मारली."

तिला एकही ऐकू आली नव्हती. तिनं घाबरून त्याची पाठ पाहिली, पिशवी पाहिली. काही बिघडलं नव्हतं. त्याला नुसतं पाणी हवं होतं. तिनं ते पाजलं, उशी सारखी केली. शेवटी तिनं पुस्तकाचं सांगून टाकलं.

अझीमनं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "मग मलाबी वाचून दाखव की."

तिनं दाखवलं. पहिल्यापासून. आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीचे दिवस फार बरे गेले. अझीमनं खुनी कोण ते तिसऱ्याच दिवशी ओळखलं आणि कित्येक महिन्यांनी खळखळून हसला. मुबशिराला फोनवर त्यानं अर्धी कादंबरी सांगितली. मुबशिरा म्हणाली, "अम्मी, किती छान झालं! दोघांचाबी वेळ जातोय." फराजनं पुण्याहून तेच सांगितलं. व्यायाम करून घ्यायला येणारा अमरसिंहही म्हणाला, "पेशंटचं मन रमलं की निम्मं काम झालं, काकू."

पण वाचणं आता चारच्या औषधानंतर येणारं एक काम झालं. अझीम मधेच थांबवायचा, "हे परत वाच." कधी म्हणायचा, "आवाज चढव जरा." दीपगृहातल्या बाईला तो मूर्ख ठरवायचा आणि कसं वागायला हवं होतं ते समजावून सांगायचा. वाचून वाचून नसरीनचा घसा सुकायचा. जिथं जाऊन ती एकटी बसायची, त्या खडकावर आता अझीमची खाटही येऊन पडली होती, आणि ती तिथंही त्याची कूस बदलत होती. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तिचं तिलाच ते वाईट वाटलं असतं.

कादंबरी संपली तशी ती परत करायला गेली.

"कशी वाटली?" शालूबाईंनी विचारलं.

"त्यांना आवडली."

"त्यांचं न्हाय इचारलं. तुमचं इचारलं."

नसरीन काउंटरवरच्या रजिस्टरकडे बघत उभी राहिली. शालूबाईंनी चष्मा काढला. "माझी सासू सात वर्षं अंथरुणाला खिळून हुती. मला काय सांगू नका." असं म्हणून त्यांनी दोन पुस्तकं काढली. एक जाडं, शिकारीचं. दुसरं बारकं. "हे जाडं त्यांचं. हे तुमचं. हे वाचून दाखवायचं न्हाय."

बारक्या पुस्तकात एका रेल्वे स्टेशनवर चहाची कँटीन चालवणारी, पन्नाशी उलटलेली विधवा बाई होती. लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं सांगणाऱ्या माणसाच्या आवाजावर तिचा जीव जडलेला. तिनं त्याला पाहिलेलंही नव्हतं. नसरीननं ते पुस्तक कपाटात धुतलेल्या चादरींच्या घड्यांमधे ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उभ्या उभ्याच दोन दोन पानं वाचायची. वाचताना कानशिलं तापायची. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभतं का, असं वाटायचं, आणि तरी हात चादरींच्या घडीत जायचाच.

एका संध्याकाळी चादर बदलायला तिनं कपाट उघडलं आणि पुस्तक खाली पडलं.

"ते कुठलं?" अझीम म्हणाला.

"कुठलं न्हाय. असंच हाय."

"आण हिकडं. वाच."

नाही म्हणायचं तिला सुचलं नाही. ती खुर्चीवर बसली आणि जिथं आली होती तिथून वाचायला लागली. त्या पानावर तो आवाजाचा माणूस पहिल्यांदा कँटीनवर येतो. त्याचा आवाज समोरासमोर ऐकून बाईच्या हातातली किटली थरथरते. नसरीन अडखळली. मग तिनं आपल्या मनानंच सांगायला सुरुवात केली. तो माणूस म्हणजे बाईचा लहानपणी हरवलेला भाऊ निघाला. दोघांनी एकमेकांना ओळखलं, दोघंही रडली, बाईनं त्याला चहा पाजला.

अझीम ऐकत होता. बराच वेळ ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पान उलटलं न्हाईस तू."

तिनं घाईनं पान उलटलं.

"डोळंबी हलत नव्हतं तुझं. एका जागी बघून बोलालीस मघापासनं." त्याचा आवाज चढला. "मला येडा समजतीस व्हय? ह्या खोलीत बघायला मला दुसरं काय हाय? दिवसभर तुझं तोंडच बघतो मी!"

नसरीननं पुस्तक मिटलं. "हे माझं हाय," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासनं माझं असं एवढंच हाय. हे मी वाचून दाखवणार न्हाय."

"आणि माझं काय हाय मग?"

तिनं चादर बदलली, त्याला डाव्या कुशीवर घेतलं, पाठीशी उशी लावली. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. रात्रीचं जेवला नाही.

पुढचे चार दिवस तो फक्त "पाणी" आणि "कूस" एवढंच बोलला. शिकारीचं पुस्तक तिनं काढलं तर डोळे मिटून घेतले. मुबशिराला फोन लावून घेतला आणि नसरीनच्या देखतच तिची तक्रार केली. मुबशिरानं मग तिला समजावलं, "अम्मी, एका पुस्तकावरनं एवढं कशाला? वाचून दाखवायचं की. अब्बांना दुसरं काय हाय?"

"आणि मला गं?"

नसरीननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू ये दोन दिवस," नसरीन म्हणाली. "ये आणि मला नुसतं झोपू दे."

मुबशिरा म्हणाली, बघते. ऊसतोड चालू होती, सासूचे गुडघे दुखत होते, पोरीची परीक्षा होती. सगळं खरंच होतं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नसरीन पुस्तक परत करायचं ठरवून खाली उतरली, वाचनालयाच्या पायरीपर्यंत गेली आणि पिशवी छातीशी धरून तशीच घरी आली.

पाचव्या दिवशी पाच वाजता अमरसिंह आला. व्यायामाच्या वेळी एक पाय तो उचलायचा, दुसरा नसरीन धरून ठेवायची. ती नेहमीप्रमाणे पायाशी येऊन उभी राहिली.

"अमरसिंह," अझीम छताकडे बघत म्हणाला, "एकट्याला जमंल का तुला?"

"जमवू की, काका. बेल्ट लावतो पायाला."

"मग हिला जाऊ दे." आणि तसाच, मान न वळवता, "जा. तुझं ते वाच जा."

नसरीनला काय करावं कळेना. "कुठं जाऊ?"

"कुठंबी जा." आणि लगेच, "लांब नको. दार उघडं ठेव."

तिनं चादरींमधून पुस्तक काढलं. दार उघडं ठेवून ती जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसली. आत अमरसिंह मोठ्यानं आकडे मोजत होता. खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. जिथं थांबली होती तेच पान तिनं तीनदा वाचलं, डोक्यात काही शिरलं नाही. कान सगळे आतच होते. आता हाक येईल, आता येईल. मग कधीतरी कँटीनवर गाडी लागली, उतारूंची गर्दी झाली, आणि बाईनं किटली खाली ठेवून त्या माणसाकडे सरळ मान वर करून पाहिलं.

अकरा पानं झाली.

"नसरीन!"

ती लगेच उठली नाही. हातातलं वाक्य पुरं केलं, पानाचा कोपरा दुमडला आणि मग आत गेली. अमरसिंह सामान आवरत होता. अझीमच्या कपाळावर घाम होता. तिनं पदरानं तो टिपला.

"काय झालं त्या बाईचं?" त्यानं विचारलं.

"न्हाय सांगणार."

अझीम तिच्याकडे बघत राहिला. रागावला होता की आणखी काही, ते तिला ओळखता आलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "कूस बदल मग. सहा वाजलं."