काजळपाड्याची भाजी

दक्षाचा आवाज तलासरी तालुक्यात घरोघरच्या मोबाइलवर पोचला, आणि त्या आठवड्यात काजळपाड्याच्या बायका भरल्या पाट्या घेऊन बाजारातून परत आल्या.

दक्षा मूळची बोर्डीची. सरकारच्या पर्यावरण खात्यात जनसंपर्काची प्रमुख. कचेरी डहाणू रोडला. कुठल्याशा कारखान्याचं सांडपाणी काजळपाड्याच्या ओहोळात उतरलं, मासे उताणे तरंगले, तेव्हा लोकांना सावध करायचा निरोप तिनेच तयार केला. ओहोळाचं पाणी पिऊ नका, गुरांना पाजू नका. पुढे तिने आणखी एक वाक्य घातलं होतं: पाड्याची भाजी विहिरीवर पिकते, ओहोळावर नाही. तिच्या वरच्या साहेबांनी ते काढायला लावलं.

"विहिरींची तपासणी झालीये का? नाही ना? मग जेवढं माहीत आहे तेवढंच बोला."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तिने वाक्य काढलं. राहिलेली जागा लोकांनी आपल्या मनाने भरली: काजळपाड्याची भाजी विषारी.

ती पाड्यावर गेली तेव्हा अंगणवाडीच्या ओट्यावर बायका आधीच बसल्या होत्या. खात्याचा फलक लावायला ड्रायव्हर पुढे झाला, तिने हातानेच नको म्हटलं. पाड्यातला जाणता झिपरू खांबाला टेकून उभा होता.

"तूच बोलली ना मोबाइलमधी?" त्याने विचारलं. तिकडे साहेबालाही 'तू'च म्हणतात.

"मीच, झिपरूकाका. पण भाजीचं मी काही बोलले नाही."

"बोलली नाय, तीच तर बोंब. बोलायला पायजे होतं."

तिच्याकडे सभेसाठी तयार केलेली उत्तरं होती: तपासणी सुरू आहे, खातं तुमच्या पाठीशी आहे. इतक्या पाड्यांवर ती बोलून झाली होती की तिला स्वतःलाच त्यांचा कंटाळा आला होता. एवढ्यात सोनीबाईने आपली पाटी तिच्यासमोर ओतली. वालपापडी सुकून पिवळी पडली होती, वांग्यांना सुरकुत्या आल्या होत्या.

"बाय, ही आता बकऱ्या पण खात नाय," सोनीबाई म्हणाली. ती रागावली नव्हती. दक्षाला ते जास्त लागलं.

पुढच्या बाजाराला दक्षा रजा टाकून तलासरीला गेली आणि सोनीबाईशेजारी गोणपाटावर बसली. येईल त्याला सांगू लागली, ओहोळ वेगळा, विहीर वेगळी. एक शिक्षक थांबले, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पटतंय हो मॅडम, पण घरात लहान मुलं आहेत." एका बाईने आवाज ओळखला. "तुम्हीच ना त्या? मग तुम्हीच सांगितलं होतं की!" दुपारपर्यंत घसा बसला. पाटी जेमतेम हलली.

साहेबांना कळलंच. "खात्याचा माणूस बाजारात भाजी विकायला बसतो? उद्या विहिरीत काही सापडलं तर?"

"तर तेही तिथेच बसून सांगेन, सर."

त्या दिवसापासून बैठकांना तिला बोलावणं कमी झालं.

अहवाल यायचा तेव्हा आला. विहिरी स्वच्छ होत्या. दक्षाने नवा निरोप बोलून पाठवला, या वेळी एकही वाक्य कुणी कापलं नाही. तो मात्र कुणी पुढे पाठवला नाही. वाईट बातमीला पाय असतात, चांगलीला पाठीवर घेऊन फिरावं लागतं. दक्षाच्या पाठीत आता तेवढं बळ नव्हतं, तरी ती पुन्हा बाजाराला गेली.

सोनीबाईची पाटी निम्मी रिकामी झाली होती. दक्षाचा चेहरा उजळला. "निरोप पोचला वाटतं!"

"कसला निरोप?" सोनीबाई वांगी तोलत म्हणाली. "आता मी गावच सांगत नाय. कोणी विचारला तर पलीकडच्या पाड्याची सांगते. सगळ्याच बायका तसंच सांगतात."

समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "मावशी, भाजी कुठली?"

सोनीबाईने दक्षाकडे पाहिलं. खरं बोलणं हेच जिचं काम, ती मान खाली घालून पापडीतल्या सुक्या शेंगा निवडू लागली.

"पलीकडची हाय," सोनीबाई म्हणाली, आणि गिऱ्हाइकाने पिशवी उघडली.