थोंगसाबाबाची पिवळी भुकटी

विहाराच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. भाताची लावणी ऐन भरात होती, आणि लावणीच्या दिवसांत चिखलात कुणाचा तरी पाय कापतोच. सारे गाव आपापले कापलेले पाय घेऊन थोंगसाबाबापुढे बसले होते. बाबा पान चघळत काहीतरी पुटपुटे, जखमेवर तीनदा फुंकर घाली आणि डबीतली पिवळी भुकटी चिमूटभर सोडी.

"गरुडाच्या नखाची भुकटी आहे ही! तीनच दिवस लावायची. जखम हसली, सुकायला लागली, की बंद. चौथ्या दिवशी लावलीस तर भूत रुसतं."

"आणि जखम हसलीच नाही तर?" म्हाताऱ्या पोनने विचारले.

"तर तुझ्या घरात कुणीतरी खोटं बोललंय."

"मग माझं काही खरं नाही. बायको रोजच बोलते."

हशा पिकला. कडेला उभी असलेली दाओरुआंग हसली नाही. तिची आई मंडपाच्या याच फळ्यांवर बसून दोनदा बरी झाली होती. तिसऱ्यांदा जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि जिल्ह्याच्या इस्पितळात तिने प्राण सोडला. दाओरुआंग त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आईच्या जखमेतला पू तिनेच तपासला होता. आई जाऊन एकवीस दिवस झाले होते. गावाने निदान केव्हाच करून टाकले होते: मुलगी शिकली, म्हणून आईचा विश्वास डळमळला.

आज रांगेत बुआफानमावशी होती. शेवटच्या दिवसांत बहिणीची जखम तिनेच धुतली होती. लावणीत तिचाही पाय कापला, आणि आता घोट्यापर्यंत सुजला होता.

"मावशी, ऊठ. इस्पितळात चल."

"तुझ्या इस्पितळातच गेली ना माझी बहीण? इथं दोनदा वाचली होती."

दाओरुआंगने पिशवीतून काचेच्या दोन बशा काढल्या. त्यांची झाकणे चिकटपट्टीने पक्की बंद होती. आत शिळ्या पेजेवर यावी तशी साय धरलेली होती.

"ही साय म्हणजे जखमेतले जंतू. या पहिल्या बशीत प्रयोगशाळेत जपलेले जुने जंतू आहेत. मधोमध आईच्या डबीत उरलेली भुकटी टाकलीय. बघा."

भुकटीभोवती स्वच्छ, गोल रिंगण पडले होते. तिथे साय नव्हती.

"पाहिलंत?" बाबा गरजला. "माझ्या मंत्राची ताकद!"

"बाबा, या बशीवर कुणीच फुंकर घातली नाही. मंत्रही म्हटला नाही. शेजारी आमच्या स्वयंपाकातली हळद टाकलीय, तिच्याभोवती रिंगण नाही. मग हे केलं कुणी?"

बाबा पान चघळायचा थांबला.

"लाल-काळ्या कॅप्सूल फोडून हळदीत मिसळता तुम्ही. दुकानातलं औषध आहे ते. जंतूला आपली भिंत बांधू देत नाही. भिंत फुटली की जंतू मरतो."

"बरं, मिसळतो!" बाबा उसळला. "पण माणसं बरी होतात ना? मग पाप काय केलं मी?"

मंडप तिच्याकडे पाहू लागला. तिने दुसरी बशी पुढे केली.

"ही आईची जखम."

इथे भुकटीभोवती रिंगण नव्हतेच. साय थेट भुकटीला जाऊन भिडली होती.

"लाखो जंतूंत एखाद्याजवळ त्या औषधाचे तुकडे करणारी कात्री असते. औषध बाकीच्यांना मारतं, हा उरतो. मोकळं रान मिळालं की वाढतो, ती कात्री शेजारच्या जंतूंनाही देतो. तुम्ही ओरखड्यालाही भुकटी लावलीत, वर्षानुवर्षं, चिमूट-चिमूट. कात्रीवालेच तेवढे मागे राहिले. भूत रुसलं नाही, बाबा. आईचा विश्वासही डळमळला नाही. तुम्ही तीनदा फुंकर घातलीत तेव्हा ती हात जोडून बसली होती."

पोन हळूच म्हणाला, "पोरी, तुला हे ठाऊक होतं कधीपासून?"

तिने बशीच्या झाकणावरून बोट फिरवले.

"पहिल्याच दिवसापासून. आईची डबी उघडली आणि कॅप्सूलचा वास आला. म्हटलं, औषधच आहे, जखम भरतेय, म्हातारीला दुखवू कशाला. मी गप्प बसले."

मावशी त्या दुसऱ्या बशीवर वाकली. कडेला एक छोटेसे रिंगण होते, भाताच्या शितापेक्षा थोडेसे मोठे.

"हे काय?"

"इस्पितळातलं औषध. आईच्या जंतूंवर एवढं एकच चालत होतं. आमच्याकडे आली तेव्हा फार उशीर झाला होता. तुझ्या पायात तेच जंतू असतील, तर तुझ्याकडेही एवढंच आहे."

"एवढंसंच?"

"एवढंसंच. तेही असं वाटत सुटलो, तर उरणार नाही."

मावशीने हात पुढे केला. दाओरुआंगने तिला उठवले. पायरी उतरताना दाओरुआंग वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, "डॉक्टरनं तपासून दिल्याशिवाय असलं औषध घेऊ नका. दिलं, तर सांगितलं तेवढं पुरं घ्या. उरलं म्हणून शेजाऱ्याला देऊ नका. आणि गुण आला, तर कशानं आला हे विचारा. आणि कळलं, तर सांगा. मला कळलं होतं, मी सांगितलं नाही."

मागे रांग तशीच होती. बाबाची डबी उघडी होती, पण पाय कुणी पुढे केला नव्हता.